निळी, साडेअकराशेची

म्हापशाच्या दुकानात टांगलेल्या सातांतली ही पाचवी.
बाकी सहांहून बरी होती असं नाही,
पण हिच्या पाठीवर ओरखडा आधीच होता,
म्हणजे पहिला ओरखडा पडायची धास्ती मिटली.
दुकानदार म्हणाला, शिकाऊंसाठी आहे ही.
मग जमेल, म्हटलं.
सत्तेचाळीस संपत आली तरी मी बहुतेक बाबतींत शिकाऊच.

वीजखात्यात मीटर वाचतो मी.
दिवाडी बेट माझ्याकडे:
कोंबड्यांच्या खुराड्यावरचे मीटर,
तुळशीमागचे, खुरसामागचे,
कुत्रा बांधल्याशिवाय न दिसणारे.
स्कूटरवर दोन पायांच्या मधे
रेनकोटच्या पिशवीत युकुलेली मावते,
आणि डबा, आणि कालची भिजलेली चप्पल.

तारा चारच. नायलॉनच्या,
गळाला लावतात तसल्या.
पहिली तार खर्जाची असणार असं आपण धरून चालतो,
तर हिची पहिलीच उंचावर,
दुसरी एकदम खाली,
मग पुन्हा चढण. बांबोळीचा रस्ता.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जुळवावी
तर नदी ओलांडेपर्यंत खुंट्या सैल,
प्लास्टिकला खारा वारा सोसत नाही.

एर्मेलिंदाबायच्या सोप्यावर पाणी पितो.
"किती युनिट?"
एकोणीस.
"मागच्या खेपेला एकवीस होते. दोन कुठे गेले?"
मग पिशवीकडे बोट:
"आनी हें कितें रे? व्हायोलिनाचें पिल्लूं?"
तिला वाजवता येत नाही काहीच,
पण साठ वर्षं रविवारी पुढच्या बाकावर बसलेला कान.
मी छेडलं. तिनं डोळे मिटले, उघडले.
"तिसरी खोटी."
तेव्हापासून दर महिन्याला बिल हातात घेण्याआधी
तेवढंच म्हणते. तिसरी.

एका बुधवारी फेरीबोटीत विसरलो,
लाइफ जॅकेटांच्या पेटीवर.
आठवलं तेव्हा मी नारवेच्या बाजूला,
बत्तीस घरं अजून बाकी.
पोटात गोळा आला नाही.
साडेअकराशेत मी हे पण विकत घेतलं होतं तर,
हे न धावणं.
बत्तीसही घरं नीट वाचली.

संध्याकाळी धक्क्यावर आलो
तर रॅम्प उचलणारा शाणू गावस
दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून तिला मांडीवर घेऊन.
तोंडात सुपारी, बोटांना ग्रीस.
दिवसभर ह्या काठाहून त्या काठाला
आणि मधल्या पाण्यात हेच.
सी वरून एफ:
मला तीन महिने न जमलेली उडी
तो मारत होता न थांबता,
बोटीच्या इंजिनाच्याच लयीत.
कसं रे, विचारलं.
त्याला प्रश्नच कळला नाही आधी.
मग म्हणाला,
"तुम्ही आधी हात उचलता.
पलीकडे दोर अडकल्याशिवाय इकडचा सोडतं का कोणी?"

रात्री खोलीत केलं तसं.
आधी दोन बोटं नव्या जागी,
मग जुनं उचललं.
दहांतून चारदा पोचलो,
सहादा पाण्यात.

निळ्या रंगावर, काळ्या पट्टीवर
त्याचे ग्रीसचे ठसे राहिलेत.
रॉकेलनं जातील, बायको म्हणते.
राहू दे. अंधारातही ते बोटाला लागतात,
किंचित चिकट, नेमके दुसऱ्या घरात,
जिथं माझं बोट दरवेळी चुकायचं.

आता बुधवारी ती पेटीवर राहते.
त्याला सांगितलेलं नाही मी काही,
त्यानंही विचारलेलं नाही.

एर्मेलिंदाबायचे ह्या महिन्याला बावीस.
भाचा आला होता, पंखा चालू ठेवून झोपायचा.
मी वाजवलं, सी, एफ, परत सी.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
आत जाऊन दोडोलाचे दोन तुकडे बशीत घेऊन आली,
बशी ठेवली,
आणि म्हणाली,
तिसरी.